माफी म्हणजे नगररचना नव्हे

कोल्हापुराहून गारगोटीस जाणाऱ्या सडकेने हंगामाच्या दिवसांत जो कोणी बिद्रीवरून गेला असेल, त्यास दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवरील उसाच्या गाड्यांची रांग ठाऊक असेल. कागल, राधानगरी, भुदरगड व करवीर या चार तालुक्यांतील शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून उभी केलेली ही संस्था होय. दोन नद्यांमधल्या या मुलखात तिच्यामागोमाग कामगार आले, मोटारचालक आले, गवंडी, फिटर, चहावाले आले, खत-बियाण्यांचे व्यापारी आले. एवढ्या माणसांनी राहावे कोठे, हा विचार करणे हे काही साखर कारखान्याचे काम नव्हे. ते सरकारचे काम, आणि त्यातही नगररचना खात्याचे. परंतु आमच्या राज्यात नगररचना खाते जागे होते ते घर उभे राहिल्यानंतर, आणि जागे झाल्यावर पहिला प्रश्न विचारते तो हा की, परवानगी कोठे आहे? घर कोठे बांधावे हे ज्याने कधी सांगितले नाही, त्याने घर येथे का बांधले असे विचारावे, यात कितपत न्याय आहे याचा आमच्या वाचकांनीच विचार करावा.

हा विषय आज हाती घेण्याचे कारण असे की, स्वस्त घरांविषयीच्या घोषणांना सध्या तोटा नाही. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने 'माझे घर, माझे अधिकार' या नावाचे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतरचे हे पहिलेच धोरण असून, २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचा संकल्प त्यात सोडला आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वात सुमारे २० लाख घरकुलांचे उद्दिष्ट महाराष्ट्राच्या वाट्यास आले. संकल्प उदार आहेत आणि आम्ही त्यांचे स्वागतच करतो. पण घर हे संकल्पावर उभे राहत नाही, ते जमिनीवर उभे राहते. तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा नसून जागेचा आहे, आणि नेमका तोच प्रश्न आमच्या कायद्याने गेली पाऊणशे वर्षे गुंतवून ठेविला आहे.

आमच्याकडे सल्ल्यास आलेल्या एका गवंड्याची हकिकत येथे सांगतो. हा मनुष्य बिद्रीच्या परिसरात तीस वर्षे दुसऱ्यांची घरे बांधीत आला. स्वतःसाठी त्याने एका शेतकऱ्याकडून एक गुंठा जागा घेतली. खरेदीखत होईना, कारण तो तुकडा कायद्याच्या मापात बसेना. म्हणून शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करार लिहून पैसे चुकते केले, दोन खोल्या बांधल्या, ग्रामपंचायतीचा कर भरू लागला. त्याच्या हाती आज काय आहे? नमुना ८ चा उतारा आहे. पण तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. सातबारा आजही विकणाऱ्याच्या नावाने आहे. विकणारा वारला, त्याच्या वारसांची नावे चढली, आणि त्यांतील एकाने जागा आमचीच आहे असे म्हणावयास आरंभ केला. बँक कर्ज देत नाही, कारण गहाण ठेवावयास कागद नाही. घरकुलाच्या यादीत नाव आले, पण हप्ता निघेना, कारण जागा नावावर नाही. या माणसाने फसविले कोणास? त्याने पूर्ण दाम मोजले, कर भरला, कोणाच्या जागेवर अतिक्रमण केले नाही. त्याचा अपराध एकच, की त्यास एक गुंठा पुरत होता आणि तेवढाच त्यास परवडत होता.

आता ज्या कायद्याने या गवंड्यास अपराधी ठरविले, त्याचा इतिहास पाहू. मुंबई इलाख्यात १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व त्यांचे एकत्रीकरण करण्याविषयीचा कायदा झाला. यासच लोक तुकडेबंदी म्हणतात. त्यामागील हेतू वाईट नव्हता. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात १७७१ साली तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते ते १९१४-१५ साली ७ एकरांवर आल्याचे दाखविले होते. शेत इतके लहान झाले की बैलजोडी फिरेना, तर शेतकरी जगणार कसा, ही चिंता त्या काळच्या सर्वच विचारी लोकांस होती. परंतु त्याही वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधात व पुढे १९२७ साली मुंबई कायदेमंडळात या विचारसरणीस हरकत घेतली होती. जमीन लहान आहे हा मूळ रोग नव्हे. जमिनीवर जगणाऱ्यांची गर्दी फार आणि त्यांच्या हाती भांडवल व साधने थोडी, हा खरा रोग. तेव्हा त्यांस शेतीबाहेर धंदा मिळाला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. बिद्रीसारख्या गावी नेमके तेच घडले. शेतीबाहेरचा धंदा आला, आणि धंद्यामागून माणसे आली. पण त्यांना घरापुरती जमीन हवी असे म्हणताच कायदा आडवा आला, कारण त्याच्या लेखी जमीन म्हणजे फक्त शेत. ज्या पिंपळे सौदागरात मान यांनी एकरांचा हिशेब मांडला, तेथे आज उंच इमारतींची दाटी झाली असून जमिनीचा भाव चौरस फुटांत मोजला जातो. गाव बदलले, कायद्याची दृष्टी मात्र बैलजोडीवरच खिळून राहिली.

हिशेब मांडून पाहावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. २०२३ च्या ऑगस्टात सरकारने बहुतेक जिल्ह्यांत शेतजमिनीचे किमान प्रमाणभूत क्षेत्र बागायतीस १० गुंठे व जिरायतीस २० गुंठे ठरविले. म्हणजे पाण्याखालच्या जमिनीचा लहानांत लहान विक्रीयोग्य तुकडा १०,८९० चौरस फुटांचा झाला. उलट, भूमिहीन लाभार्थ्यास घरकुलाची जागा घेता यावी म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जी सरकारी योजना आहे, ती अर्थसाहाय्य देते ५०० चौरस फुटांसाठी, १ लाख रुपयांपर्यंत. एक खाते गरिबास म्हणते, ५०० फूट घे. दुसरे खाते विकणाऱ्यास म्हणते, याच्या एकवीस पटींहून कमी विकशील तर खबरदार! ही विसंगती सरकारच्याही ध्यानात आली. २०२४ च्या मार्चमध्ये नियमांत दुरुस्ती होऊन विहीर, शेतरस्ता इत्यादी कारणांबरोबरच घरकुलाच्या लाभार्थ्यास १,००० चौरस फुटांपर्यंतचा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने घेण्याची मुभा मिळाली. सुधारणा योग्य दिशेची आहे. पण ती फक्त यादीत नाव असलेल्यांसाठी. दुकानातील कारकून, ट्रॅक्टरचालक, कारखान्यातील हंगामी कामगार यांतील ज्याचे नाव यादीत नाही, त्याने काय करावे? तो जे करीत आला तेच करतो. दहाअकरा जण मिळून सामाईक खरेदीखत करतात, सातबाऱ्यावर सर्वांची नावे ओळीने चढतात, आणि प्रत्यक्षात दोऱ्या लावून जो तो आपापल्या तुकड्यावर घर बांधतो. कागदावर एक शेत, डोळ्यांपुढे एक गल्ली!

हे असे लक्षावधी व्यवहार झाल्यावर सरकार काय करते? माफी जाहीर करते. येथेच आमच्या आक्षेपाचे मर्म आहे. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीची बांधकामे त्यात घेतली. २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे ओढली. तुकडेबंदीविरुद्धचे जुने व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करून घ्यावेत, अशी तरतूद २०१७ साली झाली. फारसे लोक पुढे आले नाहीत, तेव्हा २०२४ साली त्या २५ टक्क्यांचे ५ टक्के झाले. आणि २०२५ साली ठरावीक क्षेत्रांतील व ठरावीक मुदतीतील व्यवहार शुल्क न घेताच नियमित करण्याची तजवीज झाली. पंचवीस, पाच, शून्य! ज्याने २०१७ साली सरकारवर विश्वास ठेवून, बायकोचे दागिने मोडून २५ टक्के भरले, तो मूर्ख ठरला. ज्याने काहीच केले नाही, तो शहाणा ठरला. कायदा पाळणारास दंड आणि कायद्याकडे पाठ फिरविणारास बक्षीस, अशी ही शिकवण आहे. आणि ती एकदा लोकांच्या अंगवळणी पडली की पुढचा कोणताही नियम कोणी कशास पाळील? माफी झाली याचे आम्हांस दुःख नाही. आमच्या त्या गवंड्यास ती मिळाली तर आम्ही आनंदच मानू. पण माफी हा चुकलेल्या कायद्याचा कबुलीजबाब आहे, ती नगररचना नव्हे. पाच कबुलीजबाब दिल्यानंतर तरी मूळ चूक दुरुस्त व्हावयास नको काय?

या गोंधळात न्यायालयेही ओढली गेली. २०२१ च्या जुलैत नोंदणी खात्याने परिपत्रक काढून अशा तुकड्यांची दस्तनोंदणी बंद केली. २०२२ च्या मेमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरविले. दस्त नोंदला जावा की नाही, नोंदला तर फेरफार व्हावा की नाही, फेरफार झाला तर इतर हक्कात शेरा मारावा की नाही, या तीन प्रश्नांवर वकिलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. आम्ही त्याच धंद्यातले असल्यामुळे हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही असे नाही. पण ज्या गुंतागुंतीवर आमचे पोट भरते, ती लोकांच्या हिताची आहे असे म्हणण्याइतके आम्ही निर्लज्ज झालो नाही.

येथे सरकारपक्षाचे कोणी म्हणतील की, आम्ही नियम सैल केले ते तुम्हांस दिसत नाहीत काय? दिसतात, आणि त्यांचे श्रेय आम्ही देतो. २०२० च्या डिसेंबरात बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळून साऱ्या राज्यास बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. गावोगावच्या निरनिराळ्या नियमांचा घोळ तिने पुष्कळ कमी केला. २०२१ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केले की, ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामास नगररचनाकाराकडे जावे लागणार नाही. १,६०० फुटांपर्यंत ग्रामपंचायतीस कागदपत्रे सादर करणे पुरे, त्यापुढे ग्रामपंचायतीने दहा दिवसांत परवाना द्यावयाचा. मुश्रीफ हे कागलचेच आमदार, तेव्हा या भागाची अडचण त्यांनी जवळून पाहिली असणार. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीस निवासी वापरासाठी स्वतंत्र बिनशेती परवानगी नको, ही महसूल कायद्यातील दुरुस्तीही स्वागतार्हच होती. गवंड्यास कोल्हापूरच्या कचेरीत दहा हेलपाटे घालावे लागण्यापेक्षा हे शतपट बरे.

पण अटकाव काढणे ही एक गोष्ट आणि आखणी करणे ही दुसरी. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरची रेघ ओढणे हे काम नकाशावर कंपास टेकवून शाळेतील मुलगाही करील. त्या रेघेच्या आत ओढा आहे की उतार आहे, पूर येतो की नाही, रस्ता कोठून जाणार, गटार कोठे सुटणार, शाळेस व दवाखान्यास जागा कोठे, यांचे उत्तर कंपास देत नाही. परवानगीचा धाक गेला आणि आखणीही नाही, म्हणजे प्रत्येक जमीनमालक आपल्या शेतात आपल्या सोयीने नऊ फुटांची वाट सोडणार, शेजारचा तीही सोडणार नाही, आणि दहा वर्षांनी त्या वस्तीत रुग्णवाहिका शिरणार नाही की आगीचा बंब वळणार नाही. मग सांडपाण्यावरून भांडणे, रस्त्यावरून दावे, आणि शेवटी सहावी माफी. पंचगंगेच्या खोऱ्याने २०१९ व २०२१ साली जे महापूर पाहिले, त्यानंतर तरी बांधकामाची जागा आधी पाहावी, मग घर पाहावे, हे शहाणपण आम्हांस यावयास हवे होते.

असे शहाणपण कोल्हापुरास परके मात्र नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली तेव्हा गुळाचे व्यापारी येऊन बसण्याची वाट पाहून मग त्यांस नोटिसा धाडल्या नाहीत. पेठेची जागा आधी ठरली, मग व्यापारी आले. आपले जनक पिते, कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने त्यांनी जयसिंगपूर वसविले, तेव्हा सरळ व रुंद रस्ते आधी आखले गेले आणि घरे त्या रस्त्यांच्या कडेने उभी राहिली. राजारामपुरीच्या गल्ल्यांस आजही आकड्यांनी ओळखतात, कारण त्या आधी कागदावर आखल्या गेल्या होत्या. परक्या माणसास राजारामपुरीत घर सापडते. उपनगरांतील गुंठेवारीत तेथेच जन्मलेल्यास सापडत नाही! एका संस्थानास जे एका काळी जमले, ते एवढ्या मोठ्या राज्यास, उपग्रह व ड्रोन हाती असताना, जमू नये?

इंग्लंडचे उदाहरणही येथे पाहण्यासारखे आहे, कारण आमची बरीचशी कायदेबुद्धी तिकडूनच आली. ज्या १९४७ साली मुंबईत तुकडेबंदी झाली, त्याच वर्षी इंग्लंडात नगररचनेचा मोठा कायदा होऊन जमिनीवर बांधण्याचा हक्क मालकाकडून काढून परवानगीवर सोपविला गेला. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, त्यांनी नव्या शहरांचाही कायदा केला होता. सरकारने जमीन आधी घ्यावी, रस्ते, पाणी, शाळा आधी आखाव्या, आणि मग भाड्याची घरे बांधावी, असा तो क्रम होता. पुढे दुसरा कायदा मागे पडला आणि परवानगीचा कायदा तेवढा वाढत गेला. २०२४ साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारास १५ लाख घरांचा संकल्प सोडून नगररचनेचे नियम बदलावयास निघावे लागले, ते याच कारणाने. नकार देण्याची शक्ती सरकारच्या हाती असून घरे उभी राहत नाहीत, हा धडा त्यांनी महाग विकत घेतला. तो आपण फुकट घ्यावा.

मग करावे काय? आमची सूचना नवी नाही आणि अशक्य तर मुळीच नाही. बिद्रीसारख्या प्रत्येक वाढत्या गावात गावठाणाच्या विस्ताराची आखणी सरकारने आधी करावी. त्यासाठी शेतकऱ्याची जमीन बळाने घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. नगररचना योजनेची जी पद्धत १९१५ सालच्या मुंबईच्या कायद्याने या देशात प्रथम आणली आणि जी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही आहे, तीत कोणाची जमीन हिरावून घेतली जात नाही. लगतच्या सर्व जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते, शाळा, मैदान व गरिबांच्या घरांची जागा काढावयाची, आणि उरलेले भूखंड मूळ मालकांस त्यांच्या वाट्याप्रमाणे परत द्यावयाचे. मालकाचे क्षेत्र कमी होते. पण त्यास रस्ता, पाणी व निर्वेध कागद मिळाल्यामुळे मोल वाढते. गुजरातने ही पद्धत नेटाने चालविली. आम्ही, जिच्या जन्मभूमीचे, तिला बव्हंशी विसरलो. हडपसरच्या मगर मंडळींनी सुमारे १२० शेतकरी कुटुंबांची ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा उभा केला. तेथील घरे गरिबांची नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण शेतकरी जमीन न गमावता वसाहत उभारू शकतो एवढे तरी त्यावरून सिद्ध झाले.

आणि गरिबांचे उदाहरण हवे असेल तर ते सोलापूरजवळ कुंभारीस आहे. तेथील विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था स्थापून गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरे उभी केली; त्यानंतर रे नगरात ३०,००० घरांचे काम हाती घेऊन त्यांतील १५,००० घरे २०२४ च्या जानेवारीत ताब्यात दिली गेली. विड्या वळणाऱ्या बायांना सहकाराने घर मिळते, तर सहकाराची पंढरी म्हणविणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात साखर, दूध व पतपेढ्या यांच्यापुढे सहकाराची मजल का जाऊ नये? सभासदाचा ऊस काट्यावर चढतो, दूध डेअरीत जाते, ठेव पतसंस्थेत जाते. त्या साऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनास मात्र घरासाठी शंभराच्या मुद्रांकावर विसंबावे लागावे, हे या जिल्ह्यास शोभत नाही.

या योजनेची जबाबदारी कोणावर, हेही स्पष्ट झाले पाहिजे. २०१७ साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, पण त्याची ४२ गावे करवीर व हातकणंगले तालुक्यांतली. बिद्री त्याबाहेर. ग्रामपंचायतीकडे परवाना देण्याचे काम आले, पण आखणी करणारा माणूस तिच्याकडे नाही. ग्रामसेवकाने जन्ममृत्यूची नोंद करावी, पाणीपट्टी वसूल करावी आणि फावल्या वेळात नगररचनाही करावी, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. दर तालुक्यास निदान एक नगररचनाकार व एक भूमापक यांचे पथक केवळ गावठाण विस्तारासाठी द्यावे. पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, २०२० पासून ती स्वामित्व या नावाने देशभर चालली, आणि लोकांस घराच्या जागेची सनद मिळू लागली. जुन्या घराचा नकाशा ज्या यंत्राने निघतो, त्याच यंत्राने उद्याच्या घराचाही निघेल.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की, बागायती जमीन घरांखाली गेली तर देशाचे अन्न कमी होईल. या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. परंतु जमीन आजही घरांखाली जातच आहे. फरक इतकाच की ती विस्कळीत जाते, म्हणून अधिक जाते. मध्येच एक घर, मग पडीक तुकडा, मग दुसरे घर, आणि दोहोंमध्ये पिकासही निरुपयोगी व वस्तीसही निरुपयोगी अशी भूमी! आखीव वस्तीस याहून कमी जमीन लागते, आणि ती कोठली घ्यावी हे निवडता येते. काळी कसदार टाळून माळाची घेता येते. दुसरा आक्षेप आमच्या व्यापारी वाचकांचा. ते म्हणतील, आम्हांस घरे आहेत, आम्ही या भानगडीत का पडावे? त्यांनी आपल्या दुकानातील नोकरास एवढेच विचारावे, की त्याच्या पगारातून घरभाड्यास काय जाते आणि उरते काय. ज्याच्या हाती उरत नाही तो तुमच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून येत नाही. शिवाय ज्या वस्तीच्या कागदावर बँक कर्ज देत नाही, तेथे सिमेंट, सळई, फरशी हे सर्व उधारीवर जाते, आणि ती उधारी कोणाच्या वहीत राहते हे त्यांस आम्ही सांगावयास नको.

पैशाची गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेविली. सपाटीवरील घरकुलास मूळ साहाय्य १ लाख २० हजारांचे, आणि घर निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे अशी अट. चौरस फुटास साडेचारशे रुपयेही पडत नाहीत. रोजगार हमीची मजुरी, शौचालयाचे १२ हजार आणि २०२५ साली राज्याने जोडलेले ५० हजार धरले तरी गवंड्याची मजुरी व वाळूचा भाव ज्यास ठाऊक आहे तो या रकमेत घर पुरे होईल असे म्हणणार नाही. राहिलेला पैसा कर्जाने उभा करावा लागतो, आणि कर्ज मिळते ते कागदावर. म्हणजे फिरून आपण जागेच्या कागदापाशीच येतो. सरकारने अनुदान आणखी वाढविण्याआधी निर्वेध भूखंड द्यावा. त्या भूखंडाच्या बळावर गरीब मनुष्य आपले घर आपण बांधील, आणि ते कोणत्याही ठेकेदाराच्या घराहून चांगले बांधील.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने मागतो. नवा गावठाण विस्तार आखताना भूखंड चिठ्ठीने वाटावेत. जातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्याने २०२० च्या डिसेंबरात घेतला. परंतु पाटी बदलून वस्ती बदलत नाही. जुने गाव जसे वसले तसेच नवे वसविले, आणि ओढ्याकडील सखल बाजू पुन्हा त्याच लोकांच्या वाट्यास आली, तर शाहू महाराजांचे नाव घेण्याचा आम्हांस अधिकार राहणार नाही. त्याचप्रमाणे भूखंड पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे असावा. आवास योजनेत ही पद्धत आहेच. ती प्रत्येक भूखंडास लागू करावी. आणि दरसाल मराठवाड्यातून ऊस तोडावयास येणारी जी कुटुंबे फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत सहा महिने काढतात, त्यांच्यासाठी पाणी, दिवा व शौचालय असलेली हंगामी वसाहत या आखणीत असलीच पाहिजे. ज्यांच्या कोयत्यावाचून गव्हाण थंड पडते, त्यांचा विचार नकाशात सर्वांत शेवटी व्हावा, हे न्यायाचे नाही.

बिद्रीचे नाव आम्ही घेतले ते बिद्री वाईट म्हणून नव्हे; कारखाना, तिठा, महाविद्यालय किंवा बाजार यांच्याभोवती वाढणाऱ्या शेकडो गावांची गोष्ट एकच आहे म्हणून. जिल्हाधिकाऱ्यांनी व जिल्हा परिषदेने दर तालुक्यातील एक गाव निवडून पहिल्या वर्षी एवढेच करून दाखवावे: रस्ते आखावे, पाण्याची व गटाराची रेघ मारावी, एक गुंठ्याचे व अर्ध्या गुंठ्याचे भूखंड पाडावे, आणि त्यांची खरेदीखते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उजळ माथ्याने नोंदवावी. आमचा तो गवंडी आता साठीस आला आहे. त्याचा मुलगाही त्याच धंद्यात असून दुसऱ्यांची घरे बांधतो. बापाने जागा घेतली तेव्हा कायद्याने त्यास वाट दिली नाही. मुलगा जागा घ्यावयास निघेल तेव्हा त्याच्यापुढे आखलेला भूखंड असावा की पुन्हा मुद्रांकाचा कागद, हे ठरविण्याची वेळ आज आहे. सहाव्या माफीचा मसुदा तयार होण्यापूर्वी गावाचा पहिला नकाशा तयार व्हावा, एवढेच आमचे मागणे आहे.